कुळांचा शोध

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

स्कॉटलंडच्या वायव्येला, अटलांटिक महासागराच्या तोंडाशी लुईस नावाचं बेट आहे. झाडं कमी, वारा फार, जमीन काळी आणि पाणथळ. तिथली जुनी भाषा गेलिक. परका पोरगा गावात दिसला, की तिथली म्हातारी माणसं त्याला आधी नाव विचारायची नाहीत. विचारायची, ‘को लेश ऊ?’ म्हणजे, ‘तू कुणाचा?’ उत्तरही त्याच चालीत द्यायचं: डोनाल्ड, इयानचा, मुर्डोचा. मी, माझा बाप, माझा आजा. तीन नावं कानावर पडली की विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे घर उभं राहायचं, घरातली माणसं उभी राहायची.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला परदेशाबद्दल वाचतोय असं वाटलंच नाही. आमच्या कोकणातही सुट्टीत गावी आलेल्या पोराला पाराशी किंवा मशिदीच्या पायरीवर हाच प्रश्न येतो, ‘कुणाचा रे तू?’ आणि गेलिक आडनावांत सगळीकडे भेटणारा ‘मॅक’ हा शब्द पाहिला, तर त्याचा अर्थ मुलगा. मॅक्लाउड म्हणजे लाउडचा मुलगा, मॅकडोनाल्ड म्हणजे डोनाल्डचा. आपल्या मराठेशाहीतल्या कागदांत ‘अमुक बिन तमुक’ असं लिहिलेलं असतं. तो ‘बिन’ अरबीतून आला आणि पाटलापासून शेखापर्यंत सगळ्यांच्या नावांत बसला. मॅक आणि बिन यांची कधी भेट झाली नसेल. पण काम दोघांचं एकच. माणसाला त्याच्या बापाशी जोडून ठेवायचं.

मराठीत ‘कूळ’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे घराणं, वंश. दुसरा म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडानं कसणारा माणूस. आज मला ज्या लोकांबद्दल बोलायचंय, त्यांच्या इतिहासात हे दोन्ही अर्थ एकमेकांत अडकले आहेत. ही माणसं लुईस बेटावरची कुळं होती. १८५१ सालापासून त्यांना जहाजांत बसवून कॅनडाला पाठवलं गेलं. आज त्यांचे पणतू-खापरपणतू आपलं कूळ, म्हणजे घराणं, शोधतात. आणि ते सापडतं कुठे? तर त्यांना खंड न भरणारं कूळ म्हणून ज्या कागदांत नोंदवलं, त्या कागदांत.

या गोष्टीत आपली मुंबईही आहे. १८४४ साली लुईस बेट विकत घेतलं जेम्स मॅथेसन यानं. किंमत १ लाख ९० हजार पौंड. हा मॅथेसन स्वतः स्कॉटिश. विल्यम जार्डिनबरोबर त्यानं चीनमधल्या कॅंटनला १८३२ साली जार्डिन मॅथेसन ही पेढी काढली होती. तिचा मोठा व्यापार अफूचा. माळव्यात पिकलेली अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. या धंद्यात पेढीचे मुंबईतले मोठे सहकारी होते जमशेटजी जीजीभाई, ज्यांच्या नावानं आज जे. जे. रुग्णालय आणि जे. जे. कलामहाविद्यालय आहे. त्या व्यापारातून आलेल्या श्रीमंतीवर मॅथेसननं एक अख्खं बेट विकत घेतलं आणि स्टॉर्नोवे या तिथल्या बंदराशी राहायला वाडा बांधला. माळव्यातल्या शेतकऱ्याला लुईस माहीत नव्हतं आणि लुईसच्या कुळाला माळवा माहीत नव्हता. पण मधल्या हिशेबाच्या वहीत दोघंही होते.

बेट घेतल्यावर दोनच वर्षांत, १८४६ साली, बटाट्यावर करपा पडला. आयर्लंडचा दुष्काळ आपण ऐकून असतो. त्याच रोगानं स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली आणि बेटांवरची शेतंही कुजली. आणि तिथला गरीब माणूस जगत होता तो बटाट्यावरच. मॅथेसनची बाजू सांगितली पाहिजे: त्यानं लोकांना अन्न दिलं, रस्त्यांची आणि बांधाची कामं काढली, पुष्कळ पैसा खर्च केला. त्याबद्दल त्याला बॅरोनेट हा किताब मिळाला. पण करपा हटेना, खंडाची बाकी वाढत गेली. शेवटी इस्टेटीनं ठरवलं, की माणसं कमी करायची.

१८५१ च्या आरंभी इस्टेटीचा कारभारी जॉन मन्रो मॅकेंझी गावोगाव फिरला. त्यानं त्या वर्षाची रोजनिशी ठेवली होती. ती पुढे १९९४ साली छापली गेली. कुठल्या गावात किती घरं, कुणाकडे किती बाकी, कोण पुढे खंड भरू शकेल आणि कोण नाही, हे तो पाहतो. जे भरू शकणार नाहीत, ते जाण्याच्या यादीत. अटी अशा, की गेलात तर बाकी माफ, जहाजाचं भाडं इस्टेट देईल, कॅनडात उतरल्यावर आतपर्यंत जायचा खर्चही देईल. नाही गेलात आणि बाकी तुंबलेली असली, तर जमीन सोडण्याची नोटीस. गावामागून गाव तो जातो आणि राजीखुशीनं जायला तयार असलेली माणसं त्याला थोडीच भेटतात. १८५१ ते १८५५ या काळात इस्टेटीनं सुमारे २,३०० माणसं कॅनडाला पाठवली. बेटाची वस्ती तेव्हा विसेक हजार. म्हणजे दर आठ-नऊ माणसांमागे एक गेलं.

आता विचार करा. अशा घरातला खापरपणतू कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात राहतो. आजा गेला, आजी गेली. घरात गेलिक बोलणारं कुणी उरलं नाही. त्याला विचारायचंय, ‘मी कुणाचा?’ तर त्यानं सुरुवात कुठून करायची?

ही विद्या जाणणारे सांगतात, की मागून पुढे येऊ नका, आजपासून एकेक पायरी मागे जा. पहिली पायरी कबरस्तान. क्वेबेकच्या आग्नेय भागात लुईसच्या लोकांनी वसवलेली गावं आहेत. एका गावाचं नावच त्यांनी स्टॉर्नोवे ठेवलं. तिथल्या दगडांवर नाव आणि साल तर असतंच. पण कित्येकदा ‘लुईस बेटाचा रहिवासी’ असंही कोरलेलं असतं. मेल्यानंतर दगडावर गाव कोरायचं, यात केवढं सांगणं आलं!

दुसरी पायरी चर्चची बुकं. क्वेबेकचा जुना कायदा असा, की पाद्र्यानं बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांचं बुक दोन प्रतींत ठेवायचं. एक प्रत चर्चमध्ये, दुसरी दरवर्षी कोर्टात जमा. त्यामुळे एखादं लाकडी चर्च आगीत गेलं, तरी माणसांची नावं कोर्टाच्या कपाटात राहिली.

तिसरी पायरी खानेसुमारी, आणि इथे एक विलक्षण योग आहे. ब्रिटनची खानेसुमारी झाली ३० मार्च १८५१ च्या रात्री. तेव्हा त्या वर्षी जाणारी माणसं अजून आपल्या दगडी घरांत होती. मग ती गेली. आणि कॅनडाची जिला १८५१ ची म्हणतात ती खानेसुमारी प्रत्यक्षात सुरू झाली जानेवारी १८५२ मध्ये. म्हणजे एकच कुटुंब दहा महिन्यांत दोनदा मोजलं गेलं. एकदा समुद्राच्या अलीकडे, एकदा पलीकडे. दोन्ही पानं शेजारी ठेवली, की मधल्या दहा महिन्यांत काय झालं ते कळतं. समजा, इकडच्या पानावर नवरा-बायको आणि पाच मुलं आहेत, आणि तिकडच्या पानावर चार. पाचव्याचं काय झालं, ते कुठलंही पान सांगत नाही. वाचणाऱ्याला ते स्वतःच ओळखावं लागतं.

पण ही दोन पानं जुळवणं सोपं नाही. लुईसच्या पानावर माणूस कुठल्या परगण्यात जन्मला, ते लिहिलेलं असतं. कॅनडाच्या पानावर जन्मस्थान म्हणून फक्त ‘स्कॉटलंड’. दहा महिन्यांत माणसाचं गाव गळून गेलं! वयंही जुळत नाहीत, कारण कॅनडाच्या कारकुनाला सांगितलेलं होतं, की येत्या वाढदिवसाला किती पूर्ण होतील ते लिही. हा नियम ठाऊक नसेल, तर शोधणारा आपल्याच माणसाला परका समजून पान उलटून जातो. त्यात कॅनडातल्या त्या खानेसुमारीची बरीच पानं हरवलेली. आणि या दोन खानेसुमाऱ्यांच्या मधला जो पूल असायला हवा, जहाजावरच्या प्रवाशांची यादी, तोच बहुतेक वेळा नाही. १८६५ च्या आधी क्वेबेकला आलेल्या जहाजांच्या फारच थोड्या याद्या उरल्या आहेत. माल किती उतरला, हे लिहून ठेवणाऱ्या जगाला माणसांची नावं जपावीशी वाटली नाहीत.

नावांची अडचण तर वेगळीच. बेटावर आडनावं मोजकी: मॅक्लाउड, मॅकडोनाल्ड, मॉरिसन, मॅकिव्हर. पाळण्यातली नावंही मोजकी, कारण रीतच होती की थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव आणि दुसऱ्याला आईच्या बापाचं. त्यामुळे एकेका गावात चार-चार डोनाल्ड मॅक्लाउड. गावाला त्याची अडचण नव्हती. तिथे इयानचा डोनाल्ड वेगळा आणि मुर्डोचा डोनाल्ड वेगळा. शिवाय टोपणनावं होती. पण कारकुनाच्या रकान्यात इयान बसला नाही, मुर्डो बसला नाही. कारकून इंग्रजीत लिहायचा. गेलिकमधल्या टॉर्मॉडचा त्यानं नॉर्मन केला. मोरागची कधी सेरा झाली, तर कधी मॅरियन. चुलीपाशी ज्या नावानं हाक मारली जायची, ते नाव कागदावर आलंच नाही. मी कवी आहे, म्हणून असेल कदाचित. पण मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत जास्त लागते.

आणखी मागे जायचं, तर चर्चच्या जुन्या वह्या. स्कॉटलंडमध्ये सोळाव्या शतकापासून अशा वह्या आहेत. पण लुईसवरच्या काही परगण्यांत त्या एकोणिसावं शतक उजाडल्यावरच सुरू होतात. त्यात १८४३ साली चर्च फुटलं. लुईसची बहुतेक माणसं नव्या फ्री चर्चमध्ये गेली आणि जुन्या चर्चच्या वहीत नव्या मुलांची नावं येईनाशी झाली. मग सरकारनं १ जानेवारी १८५५ पासून जन्म, लग्न आणि मृत्यूची नोंद सक्तीची केली. ही नोंद इतकी भरघोस, की मृत्यूच्या नोंदीतसुद्धा मेलेल्याच्या आईचं आणि बापाचं नाव विचारलेलं, आईचं माहेरच्या आडनावासकट. पण १८५१ मध्ये गेलेल्यांची ही नोंद चार वर्षांनी हुकली.

इथे शोध घेणारे एक सुंदर युक्ती वापरतात. गेलेला माणूस सापडत नसेल, तर मागे राहिलेला शोधायचा. दोघा भावांपैकी एक गेला आणि एक राहिला. राहिलेला पुढे १८७० किंवा १८८० साली लुईसवरच मेला, तर त्याच्या मृत्यूच्या नोंदीत आई-बापांची नावं असणार. तीच गेलेल्या भावाचीही आई आणि तोच बाप. म्हणजे क्वेबेकमधल्या खापरपणतूला त्याची खापरपणजी सापडते, ती मागे राहिलेल्या भावाच्या मरणाच्या नोंदीत. गेलेल्याचा पत्ता राहिलेल्याकडे असतो, हे परदेशी गेलेल्या माणसांच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे.

यांतले स्कॉटलंडमधले सरकारी आणि चर्चचे कागद आज एडिंबरोच्या सरकारी दफ्तरखान्यात आहेत आणि त्यातले पुष्कळसे घरबसल्या इंटरनेटवर पाहता येतात. पण एक गोष्ट लक्षात ठेवावी. यांतला एकही कागद या माणसांची आठवण राहावी म्हणून लिहिलेला नव्हता. खानेसुमारी सरकारला हवी होती. खंडाची वही मालकाला हवी होती. कारभाऱ्याच्या रोजनिशीत माणूस येतो तो बाकीदार म्हणून. दफ्तराचा प्रश्न ‘तू कुणाचा’ हा कधीच नव्हता. दफ्तराचा प्रश्न होता, ‘तुझ्याकडे किती निघतात?’

मग या माणसांना स्वतःला काय वाटलं, ते कुठेच नाही का? थोडंसं आहे; पण ते बत्तीस वर्षांनी आलं. १८८३ साली स्कॉटलंडच्या कुळांची स्थिती तपासायला सरकारनं आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष लॉर्ड नेपियर. १८६६ ते १८७२ या काळात मद्रासचे गव्हर्नर होते आणि लॉर्ड मेयोंच्या हत्येनंतर काही आठवडे हिंदुस्थानचे हंगामी व्हाइसरॉयही, ते हेच. हा आयोग बेटाबेटांवर गेला, चर्चमध्ये आणि शाळेत बसला आणि लोकांच्या जबान्या घेतल्या. ४० हजारांहून अधिक प्रश्न आणि त्यांची उत्तरं छापली गेली. आपल्याकडच्या जुन्या दफ्तरात अशा जबानीला ‘कैफियत’ म्हणत. सुरुवातीलाच, स्काय बेटावर, पहिल्या साक्षीदारानं आधी हमी मागितली: मी खरं बोललो, तर मला जमिनीवरून काढणार नाहीत ना? त्या एका प्रश्नात मागच्या शंभर वर्षांचा इतिहास आला.

लुईसची माणसंही बोलली. बहुतेक गेलिकमध्ये बोलली, उतरलं ते इंग्रजीत. इस्टेटीची माणसं म्हणत, गेले ते आपल्या मर्जीनं गेले. गावची माणसं म्हणत, मर्जी कसली? ज्याच्या पुढे उपास आणि मागे नोटीस, त्याच्या ‘हो’ला मर्जी म्हणायचं का? स्कॉटिश इतिहासकार टॉम डिव्हाइन यांनी या दुष्काळावर १९८८ साली मोठा ग्रंथ लिहिला. अशा अभ्यासकांनी इस्टेटीचे कागद आणि आयोगापुढच्या जबान्या शेजारी ठेवून वाचल्या, म्हणून आज ही गोष्ट दोन्ही बाजूंनी दिसते. या आयोगानंतर १८८६ साली कायदा झाला आणि खंड भरणाऱ्या कुळाला जमिनीवरून हुसकता येणार नाही, असं ठरलं. पण क्वेबेकच्या जंगलात झाडं तोडत बसलेल्यांना तो कायदा काय कामाचा? त्यांची जमीन गेली होती, आणि तिच्यावर मेंढ्या तरी चरत होत्या किंवा दुसरं कूळ तरी बसलं होतं.

तिकडची जमीनही रिकामी नव्हती. क्वेबेकचा तो भाग अबेनाकी या मूळ रहिवाशांचा. नव्या वसाहतीच्या नकाशात जमिनीचे चौकोन पाडले, त्यांना क्रमांक दिले आणि ते वाटले. एका ठिकाणी जमिनीवरून उठवलेली माणसं दुसऱ्या कुणाच्या जमिनीवर नेऊन बसवली गेली. लुईसच्या कुळांची नावं निदान थकबाकीच्या यादीत तरी आहेत. ज्यांच्याकडे कुणाचीच बाकी नव्हती, त्यांची यादी करायला कोण जाणार? आपल्या पूर्वजांचा शोध प्रामाणिकपणे घेणाऱ्याला आपल्या माणसांवरचा अन्याय जसा सापडतो, तसा आपल्या माणसांच्या पायाखालचा अन्यायही सापडतो. दोन्ही लिहायला हवेत.

आपल्याकडेही जुन्या कागदांना अलीकडे भाव आला आहे. २०२३ पासून महाराष्ट्रात जुन्या कुणबी नोंदी शोधण्याचं काम निघालं आणि मोडी वाचणाऱ्या माणसांची एकदम आठवण झाली. पणजोबाचं नाव कुठल्या वहीत, कुठल्या रकान्यात आहे, हे गावोगाव लोक विचारू लागले. दाखल्यासाठी का होईना, पणजोबाची चौकशी झाली. पण दाखला हातात आला, की ती वही बहुधा मिटते. आणि कागद नसला, की माणूसच नव्हता, असं मानण्याची आपल्याला सवय लागत चालली आहे. लुईसची गोष्ट मला सांगावीशी वाटली, ती यासाठी. तिथे कागद होते, तरी माणूस पुरता सापडला नाही. इयानचा डोनाल्ड कुठला आणि मुर्डोचा कुठला, हे शेवटी बेटावरच्या म्हाताऱ्यांच्या पाठ असलेल्या वंशावळींतून कळलं. तिथल्या काही चिकाटीच्या लोकांनी घरोघर जाऊन त्या लिहून घेतल्या, कागदांशी ताडून पाहिल्या आणि मग चार डोनाल्ड मॅक्लाउड वेगवेगळे झाले. दफ्तरानं साल दिलं, गावानं नातं दिलं. एकट्यानं दोघांपैकी कुणालाच जमलं नसतं.

तेव्हा ज्यांच्या घरात अजून ऐंशी-नव्वदीचं माणूस आहे, त्यांनी या रविवारी एक साधी वही घ्यावी आणि त्यांच्यापाशी बसावं. आजीचं माहेर कुठलं, तिला घरात काय म्हणून हाक मारत, तिचा कोण भाऊ मुंबईला गेला, कोण आफ्रिकेला गेला, कोण परत आलाच नाही, हे विचारावं. खापरपणजीचं नाव तर आवर्जून विचारावं, कारण दफ्तरात ते सापडण्याचा संभव सगळ्यांत कमी. वहीवर सही-शिक्का नसेल, आणि कुठल्या कचेरीत ती चालणारही नाही. पण शंभर वर्षांनी कुठल्या तरी शहरात एखादं पोर विचारील, ‘मी कुणाचा?’ तेव्हा त्याच्या हातात खंडाच्या बाकीची यादी सोडून दुसरंही काही असेल.